विलायतेची बाई आणि आत्याचं कुलूप

मी पोळ्या लाटत होते तेव्हा मोबाईल वाजला. आमच्या घरच्या ग्रुपवर थोरल्या दादानं एक जुना फोटो टाकला होता. थोरला दादा म्हणजे माझ्या आत्याचा मोठा मुलगा. काष्टीला असतो, सत्तरीला टेकलाय, शेती पोरांवर सोपवून आता दिवसभर मोबाईल घेऊन बसतो. फोटोत आत्या एका हिरव्या दारात उभी होती. खाली लिहिलं होतं, "आमच्या घराच्या दारात आई. तेव्हा घरं लहान होती पण मनं मोठी होती. इंग्रजांसारखं आईबापाला एकटं टाकायची आपल्यात रीत नव्हती."

खाली लगेच हात जोडलेले, रडणारे, फुलं वाहणारे. सुना, नातवंडं, कोण कुठली भाची, सगळ्यांना एकदम जुने दिवस आठवले. कुणी लिहिलं, तेव्हा माणुसकी होती. कुणी लिहिलं, तिकडं लंडनमध्ये आईला भेटायला पण वेळ काढून जावं लागतं म्हणे. माझी पोळी तव्यावर करपली.

मला या असल्या गोड आठवणींचा मनापासून राग येतो. जुने दिवस चांगले होते असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारते, कुणासाठी? आणि हा फोटो तर माझ्यासमोर काढलेला. ते हिरवं दार मला माहीत, त्याचा कोयंडा कुणी बसवला तेही माहीत. आणि त्या दाराशी विलायतेचा काय संबंध होता, ते त्या ग्रुपात मला सोडून फक्त दोघांना माहीत आहे. त्यातला एक खुद्द थोरला दादा, दुसरा त्याचा धाकटा भाऊ. म्हणून हे सगळं लिहून काढायचं मी ठरवलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नववीत. आम्ही नगरजवळ नागापूरला राहायचो. वडील एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. पत्र्याच्या खोल्यांची एक लाईन, समोर सगळ्यांत मिळून एक नळ, आणि कंपनीच्या भोंग्यावर चालणारा दिवस. आमच्यापासून चार खोल्या सोडून आत्याचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचा धाकटा दादा राहायचा. तोही कंपनीत होता.

आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला. पोरं लहान होती तोवर लोकांच्या रानात खुरपून तिनं ती मोठी केली. पुढं दोघांची लग्नं झाली, घर आणि रान वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा आईचीही वाटणी झाली. दोन महिने काष्टीला थोरल्याकडं, दोन महिने नागापूरला धाकट्याकडं. आमच्याकडं याला पाळी म्हणायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. उलट लोक कौतुक करायचे, पोरं गुणी निघाली, दोघंही सांभाळतात. दर दोन महिन्यांनी नगरच्या एसटी स्टँडवर एक मुलगा तिला आणून सोडायचा, दुसरा घेऊन जायचा. सोबत तिची पत्र्याची पेटी. पेटीची कडी मोडलेली होती, ती सुतळीनं बांधलेली असायची.

सुना वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगते, नाहीतर लगेच सुनांवर घसरतील लोक. पण दुसऱ्याच्या चुलीजवळ बसलेली बाई ती. पहाटे जाग आली तरी चहा करायला उठायची सोय नाही, भांडी वाजली की झोपमोड. रेडिओ लावायचा तर विचारून. तिखट जास्त हवं असेल तरी गप्प. आत्या आमच्या घरी यायची, माझ्या आईला म्हणायची, "वैनी, वाईच च्या टाक की." आई काही न विचारता पातेलं चढवायची.

आता विलायतेची बाई. आमच्या इंग्रजीच्या सरांनी कुठल्याशा मुलांच्या मासिकातून परदेशातल्या मुलामुलींचे पत्ते मिळवले होते. वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. मला इंग्लंडमधली माझ्याच वयाची मुलगी मिळाली. तिनं एक पत्र लिहिलं, घोड्याचा फोटो पाठवला आणि कंटाळली. दुसरं पत्र आलं ते तिच्या आजीचं. नातीला लिहायचा आळस आहे, पण कुणी पत्र पाठवावं आणि आपण उत्तर देऊ नये हे काही बरं नाही, म्हणून मीच लिहिते. तुला म्हातारी मैत्रीण चालेल का? मी लिहिलं, चालेल. वर्गात मात्र सांगितलं नाही, पोरींनी हसून हसून जीव घेतला असता.

बाईंचं पत्र महिन्या-दीड महिन्यानं यायचं. पहिल्या चार ओळी पावसाच्या. मग कपडे वाळत घातले आणि सर आली, काढले तर ऊन पडलं. शेजाऱ्यानं कुंपण वाढवून ठेवलंय, छाटत नाही, पण तोंडावर सांगायचं कसं? सकाळी दुधाच्या बाटल्या उंबऱ्यावर असतात आणि पाखरं चोचीनं झाकण फोडून वरची साय खातात. बसच्या रांगेत एक तरुण मध्ये घुसला, आमच्या काळी असं कुणी केलं नसतं. आमच्या काळी हे तर प्रत्येक पत्रात. आमच्या काळी दूधवाला घोडागाडीवरून यायचा. आमच्या काळी बटाट्याला चव होती. म्हणजे ही खोड काही आपलीच नाही.

ही पत्रं मी मोठ्यानं वाचून दाखवायची. धाकट्या दादाच्या खोलीसमोर संध्याकाळी बायका तांदूळ निवडत, पुरुष नुकतेच कंपनीतून येऊन हातपाय धुऊन बसलेले. मी एक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची, की लगेच मतं सुरू.

"दूध उंबऱ्यावर ठिवून जातो? आन् कोन उचलीत न्हाई?"

"आपल्याकडं बाटलीसकट पाखरू गेलं असतं."

"कुंपन वाढलं तर जाऊन भांडायचं की सरळ! मनात काय ठिवायचं?"

आजचा ग्रुप आणि तेव्हाची ती बैठक यांत फार फरक नाही बघा. ज्याला काही ठाऊक नाही त्याचं मत सगळ्यांत ठाम. फक्त तेव्हा तोंडासमोर बोलावं लागायचं.

आत्या पाळीवर नागापूरला असली की पत्राच्या वेळी हमखास माझ्या शेजारी. ती मत द्यायची नाही, प्रश्न विचारायची. "उठती किती वाजता?" "च्या कोन करून देतं?" मी सांगायची, स्वतःच करते. विजेची किटली आहे, बटण दाबलं की पाणी उकळतं. "मनाला यील तवा?" हो, मनाला येईल तेव्हा. आत्या मान हलवायची आणि सुपातले खडे वेचायला लागायची.

एकदा पत्रात आलं की बाई एकटीच राहतात. मुलगा त्याच गावात आहे, रविवारी जेवायला येतो. झालं! सगळी लाईन पेटली. त्या दिवशी नेमका थोरला दादा आत्याला न्यायला काष्टीहून थेट घरी आलेला. तो म्हणाला, "त्याच गावात? आन् आईला येगळं ठिवलंय? ह्याला मानूस म्हनायचं का?" धाकटा दादा म्हणाला, "लिव्ह त्याला पत्र. सांग, आमी दोगं भाऊ कसं सांभाळतो ते."

आणि मी लिहिलं. पंधरा वर्षांची पोर, मांडीवर शब्दकोश, समोर दोन दादा सांगतायत. आपण आपल्या आईस एकटे टाकले आहे हे वाचून आम्हा सर्वांस दुःख झाले. आई एकच असते. आमच्याकडे दोघे भाऊ आईस दोन-दोन महिने पाळीने सांभाळतात. आपल्या घरी जागा कमी असल्यास आपल्या आईस इकडे पाठवून द्यावे, आम्ही तिलाही पाळीत घेऊ. खाली दोघांनी सह्या केल्या. धाकट्याच्या बायकोनं पाकिटात एक पापड घालायला दिला, नमुन्याला. तो पोस्टात शिक्के मारताना काय झाला असेल देव जाणे.

आज आठवलं तरी मला घाम फुटतो आणि हसूही येतं. पण त्या पत्रात एक ओळसुद्धा खोटी नव्हती. खरोखर ती बाई आली असती तर या दोघांनी तिला नगरच्या स्टँडवर आलटून पालटून उतरवून घेतलंच असतं.

उत्तर आलं तेव्हा आत्या पुन्हा नागापूरच्या पाळीला होती. नेहमीसारखी मंडळी जमली, त्यात धाकटा दादा होता आणि तिला घरापर्यंत सोडायला आलेला थोरलाही. मी वाचायला लागले. तुमच्या पत्रानं मी आठवडाभर हसतेय, असं बाईंनी लिहिलं होतं, पण वाईट वाटून घेऊ नका, इतक्या मायेचं पत्र मला आजवर कुणी लिहिलेलं नाही. पापडाचा भुगा पोचला, चविष्ट होता. मुलानं पत्र स्वतः वाचलं. तो बिचारा चार वर्षं माझ्या मागे लागलाय, आमच्याकडे राहायला ये म्हणून. मीच जात नाही.

"जात न्हाई?" धाकटा दादा म्हणाला. "येडी हाय का काय?"

मी पुढची ओळ मनात वाचली आणि थांबले. पुढं लिहिलं होतं, तुझ्या आत्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. दोन महिने इथे, दोन महिने तिथे, मग ती आपली चहाची किटली कुठे ठेवते? तिच्याजवळ स्वतःच्या दाराची किल्ली आहे का?

मी दोन्ही दादांकडं बघितलं. मग म्हटलं, "तब्येतीची काळजी घ्या असं लिहिलंय. बास, संपलं."

दुसऱ्या दिवशी मी नळावर हंडा भरत होते. आत्या मागून आली.

"काल मधी थांबलीस तू."

"कुठं थांबले?"

"मला ल्ह्याया-वाचाया येत न्हाई, पर त्वांड वाचाया येतं. काय लिव्हलं हुतं?"

मी सांगून टाकलं. हंडा भरून वाहायला लागला तरी तिनं नळ बंद करू दिला नाही, पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

"किल्ली कसली? पेटीची?"

"दाराची गं आत्या."

"सोताच्या दाराची?"

"हो."

तिनं नळ बंद केला.  मी त्या बाईला उत्तर लिहायला बसले तेव्हा म्हणाली, "तिनं इचारलं त्याचं आत्ता लिवू नगं. मागनं सांगीन."

मला वाटलं विसरेल. कसली विसरते! घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ही बाई नवी सून होती. घरातले देव विसर्जित करायला सासरे कचरत होते, तर हिनं टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि पुढं चालायला लागली. आमच्या घरात अजून ही गोष्ट सांगतात. फक्त त्यानंतर आपल्यासाठी म्हणून तिनं कधी काही उचललेलं नव्हतं.

पुढची पाळी काष्टीची होती. दोन महिन्यांनी तिला घ्यायला धाकटा दादा स्टँडवर निघाला, मीही सोबत गेले. काष्टीची गाडी लागली. थोरला दादा पेटी घेऊन उतरला, मागून आत्या. धाकट्यानं पेटीला हात घातला तर आत्या पेटीवरच बसली, मधोमध फलाटावर.

"उठ की आये, रिक्षा थांबलीय," धाकटा म्हणाला.

"मी तुझ्याकडं येत न्हाई. ह्याच्याकडं परत जात न्हाई."

दोघंही हसले. आत्यानं पिशवीत हात घातला आणि एक कुलूप काढलं. मोठं, पितळी, दोन किल्ल्यांचं. काष्टीच्या आठवडी बाजारात घेतलेलं, दुसऱ्यांच्या शेंगा फोडून साठवलेल्या पैशातून. खोलीचा पत्ता नाही, दाराचा पत्ता नाही, हिनं आधी कुलूप घेतलं!

"ह्ये कशाला?" थोरला म्हणाला.

"माझ्या दाराला."

"कुठलं दार?"

"बगते आता. लायनीच्या मागं पत्र्याची खोली रिकामी हाय. डब्याच्या भाकरी कराया तिथल्या बाईला हात पायजे. मी तिला मागच्या येळंलाच बोलून ठिवलंय."

थोरल्याचा चेहरा उतरला. "आये, लोक तोंडात शेन घालतील आमच्या. दोन-दोन पोरं असून आई भाड्याच्या खोलीत? आमी काय कमी केलं गं तुला?"

"काय बी कमी केलं न्हाई. लई केलं. पर मी काय पार्सल हाय व्हय रं? तू चढवायचं, ह्यानं उतरवायचं. धा वर्सं झाली, माझी पेटी कुटल्याच घरात उघडून ठिवली न्हाई मी. उघडायची कशाला, पुन्ना बांधायचीच हाय."

हे ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर दोघांना सोपं गेलं असतं. थोरला माझ्याकडं वळला. "ह्या पोरीनं भरवलं तुझ्या डोक्यात. ती विलायतेची बाई आन् ही."

मला वाटलं, खरंच मी घर मोडलं का? पण आत्या म्हणाली, "तिला काय बोलू नगं. तिनं तर वाचलंच न्हवतं. मी इचारून घेतलं."

थोरला दादा चहासुद्धा न घेता त्याच गाडीनं परत गेला. आम्ही पेटी घेऊन घरी आलो. वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, माझ्याकडं ऱ्हा. भावाचं घर हाय." आत्या म्हणाली, "म्हंजी तिसरी पाळी व्हय?" वडील ओशाळले. पण संध्याकाळी कंपनीतून येताना कडी आणि कोयंडा स्वतः बनवून घेऊन आले, आणि त्या खोलीच्या दारावर ठोकून बसवले. मग म्हणाले, दाराला रंग बी दिऊ. वर्कशॉपमध्ये मशीनला मारायचा हिरवा रंग उरला होता, मालकाला विचारून तोच आणला.

पहिल्या दिवशी पहाटे भोंग्याच्याही आधी आत्याच्या खोलीतून रेडिओचा आवाज यायला लागला. आई म्हणाली, "उठली बघ महाराणी." आम्ही दोघी गेलो तर ती चहा करून बसलेली, पेटी सताड उघडी, आणि आतली लुगडी भिंतीला बांधलेल्या दोरीवर. चहा कडू लागत होता इतकी पावडर. आईनं तोंड वाकडं केलं, आत्या म्हणाली, "मला आसाच लागतो." इतकी वर्षं कुणाला हे माहीतच नव्हतं.

सगळं गोड गोड झालं असं नाही. लोक बोलले. लाईनमधल्या बायका धाकट्या वहिनीला नळावर टोमणे मारायच्या, ती घरी येऊन रडायची. हे आत्याला कळलं तशी ती स्वतः नळावर गेली आणि म्हणाली, "मी गेल्ते माझ्या पायानं. सुनंला बोलायचं न्हाई." आत्या भाकरी थापून दमायची, एकदा तापानं फणफणली तेव्हा धाकट्या दादानं उचलून आपल्या घरी नेलं. बरी झाली तशी ती परत गेली. आणि थोरला चार महिने फिरकला नाही. ते मात्र तिला लागलं. बसची वेळ झाली की तिची मान रस्त्याकडं वळायची.

एका रविवारी तो आला. खांद्यावर ज्वारीचं पोतं. मी आत्याच्या खोलीतच अभ्यास करत होते. दार लोटलेलं होतं, त्यानं सरळ आत यावं, आईचीच खोली. पण तो उंबऱ्याबाहेर थांबला, पोतं खाली ठेवलं आणि कडी वाजवली.

"आये, यिऊ का आत?"

आत्याच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. इतक्या वर्षांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं. तिला विचारणार कसं, तिचं दारच नव्हतं. ती म्हणाली, "ये की रं," आणि पदर तोंडाला लावून रडली. तोही रडला. मी पुस्तकात डोकं घातलं. मग त्यानं तो कडू चहा दोनदा मागून घेतला.

त्याच दिवशी संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "त्या बाईला आता लिव्ह. किल्ली हाय म्हनावं." मी लिहायला बसले तर म्हणते, "नुसतं लिवून कोन इस्वास ठिवंल? फोटू धाड." नागापुरातल्या फोटोवाल्याला बोलावलं. आत्यानं नवं लुगडं नेसलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून कमरेला अशी लटकवली की दिसावी. फोटोवाला म्हणाला, मावशी, हसा. ती हसली नाही. ताठ उभी राहिली. दोन प्रती काढल्या. एक विलायतेला गेली. बाईंनी ती किटलीवरच्या फळीवर लावली असं पुढच्या पत्रात कळवलं. दुसरी थोरल्या दादानं मागून घेतली.

तीच त्यानं ग्रुपवर टाकली.

आत्या त्या खोलीत अकरा वर्षं राहिली. दोघं पोरं येत राहिली, कडी वाजवत राहिली. तिला कुणी टाकलं नव्हतं आणि तिनंही कुणाला टाकलं नव्हतं. हे इतकं साधं असून माणसांना समजायला का जड जातं, मला कळत नाही.

करपलेली पोळी मी बाजूला ठेवली, हात धुतले आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "दादा, फोटो मोठा करून बघ. कमरेला काय आहे?"

 हात जोडणारेही थांबले. मग मोबाईल वाजला, दादाचाच फोन. आवाज पडलेला.

"पोरी, मला ठावं हाय गं ते. मीच तर कडी वाजवली हुती." पुढं म्हणाला, "लोकांचं बगून लिव्हलं तसं. काढून टाकू का फोटू?"

"फोटो राहू दे दादा," मी म्हटलं. "खाली 'आमच्या घराच्या' लिहिलंयस, त्यातलं 'आमच्या' तेवढं काढ."